भरीत खाताना जीभ का पोळते? कोडं सोडवणारा काउंट रमफोर्ड

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडं शेताशेतात भरीत पार्ट्या रंगतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची आणि कळण्याची भाकरी. वरून निवलेलं दिसणारं भरीत तोंडात टाकलं की जीभ पोळते. शेजारची पातळ आमटी मात्र तोवर गार झालेली असते. असं का?

दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न बेंजामिन थॉम्पसन म्हणजेच काउंट रमफोर्डला पडला होता. फक्त त्याची जीभ शिजवलेल्या सफरचंदानं पोळायची.

१७५३ साली अमेरिकेतल्या वोबर्न गावात शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील लवकर गेले. त्यानं दुकानात उमेदवारी केली, पुढं श्रीमंत विधवेशी लग्न केलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यानं इंग्रजांसाठी हेरगिरी केली आणि १७७६ मध्ये बायको-मुलीला मागं टाकून लंडन गाठलं. बायकोची पुन्हा भेट झालीच नाही.

घर सोडलेल्या या माणसानं म्युनिकमध्ये मात्र हजारो गरिबांच्या जेवणाची सोय लावली. स्वस्त सूप आणि कमी सरपणात पेटणाऱ्या चुली बनवताना त्याला उष्णतेच्या अभ्यासाचा नाद लागला.

एकदा त्यानं तापलेला मोठा थर्मामीटर निवायला खिडकीत ठेवला. आतल्या स्पिरिटमध्ये धुळीचे कण होते. ते मधून वर चढत होते आणि कडेनं खाली उतरत होते. मग त्यानं क्षाराच्या पाण्यात अंबर या पिवळ्या राळेची पूड टाकून हे प्रवाह मुद्दाम पाहिले. गरम द्रव हलका होऊन वर जातो, गार द्रव खाली येतो. घट्ट पदार्थात हे प्रवाह अडतात, म्हणून उष्णता आतच कोंडून राहते.

१७९७ मध्ये त्यानं हे छापलं, पण एक चूकही केली. द्रवातून उष्णतेचं वहन होतच नाही, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. वहन होतं, फक्त फार हळू.

१८१४ मध्ये तो पॅरिसजवळ वारला. या क्रियेला इंग्रजीत 'कन्व्हेक्शन' हे नाव मिळालं ते १८३४ मध्ये. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं 'अभिसरण' ते हेच.

घरी पाहायचं असेल तर उष्णता सोसणाऱ्या काचेच्या भांड्यात पाणी आणि चिमूटभर लाकडाचा भुसा घ्या. एका कडेखाली मंद आच द्या. प्रवाह हळू वाटला तर समोरच्या कडेला वर बर्फाचा खडा सोडा. दोन बाजूंच्या तापमानातला फरक वाढला की प्रवाहही वेग घेतो.

आणि भरीत? ते ढवळून, पसरून खा.