ठाण्यास निवर्तलेला चित्रकार: जेम्स वेल्स

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं शाळेंत मराठ्यांच्या इतिहासाचें पुस्तक उघडलें असेल, त्यांच्या डोळ्यांपुढें नाना फडणविसांची मूर्ति सहज उभी राहील. सडपातळ बांधा, लांबट चेहरा, धारदार नाक, माथ्यावर पगडी, आणि समोरच्याचें मन वाचणारी ती शांत नजर! शिवणकाम करणाऱ्या बाईपासून तलाठ्यापर्यंत कोणाहि शिकलेल्या मनुष्यास हा चेहरा दाखविला तर तो नांव चुकणार नाहीं. परंतु हा चेहरा आपणांस कोणी दिला, असें विचारल्यास बहुतेक जण गप्प राहतील. छायाचित्राची युक्ति जगापुढें आली ती १८३९ सालीं; नाना तर १८०० सालींच वारले. तेव्हां कोणी तरी त्यांस समोर बसवून, हातीं कुंचला घेऊन, तो चेहरा उतरविला असला पाहिजे. असा मनुष्य होता. त्याचें नांव जेम्स वेल्स. तो स्कॉटलंड देशाचा राहणारा, आणि त्याचा अंत झाला तो आपल्या ठाण्यास.

वेल्स ह्याचा जन्म १७४७ सालीं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील पीटरहेड ह्या बंदरीं झाला. त्याचें शिक्षण व उमेदवारीचा काळ अ‍ॅबर्डीन शहरांत गेला. चित्रकलेंत त्यास मोठा गुरु असा लाभला नाहीं. जें आलें तें बहुतेक स्वतःच्या अभ्यासानें. पोटासाठीं तो पत्र्याच्या तुकड्यांवर माणसांचीं लहान लहान चित्रें काढी आणि तीं माफक किमतीस विकी. पुढें तो लंडनला गेला. तेथें त्या वेळीं रेनॉल्ड्स, गेन्सबरो, रॉम्नी असे धुरंधर चित्रकार होते, आणि उमराव लोक त्यांच्याच दारीं जात. वेल्सचीं चित्रें १७८८ व १७८९ सालीं तेथील रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत लागलीं खरीं, पण प्रदर्शनांत चित्र लागणें निराळें आणि घरीं बायकामुलांचें पोट भरणें निराळें. बाजारांत मोठीं दुकानें मांडलेलीं असतांना टोपली घेऊन बसणाऱ्याकडे कोण वळतो?

हिंदुस्थानांत चित्रकारास पैसा मिळतो अशी बातमी तेव्हां लंडनांत पसरली होती. झोफनी नांवाचा चित्रकार लखनौस राहून परत आला होता. थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे गंगेकांठचे देखावे रेखाटीत हिंडत होते. मात्र कलकत्ता व मद्रास इकडेच सर्वांचा ओढा. मुंबईकडे फारसें कोणी येत नसे. वेल्सनें मुंबई निवडली. कंपनी सरकारची परवानगी मिळवून तो १७९१ सालीं तेथें उतरला. वय चव्वेचाळीस. आमच्या मतें ह्या मनुष्याचें धैर्य येथें दिसतें. तारुण्याच्या भरांत समुद्र ओलांडणारे पुष्कळ असतात. ज्या वयांत माणसें बस्तान बसवून बसतात, त्या वयांत नवा मुलूख धरणारे थोडे.

मुंबईस त्यानें बेटाचे आणि आसपासचे देखावे काढावयास आरंभ केला. १७९१ व १७९२ ह्या दोन वर्षांत रेखाटलेल्या अशा बारा देखाव्यांचा संग्रह पुढें १८०० सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, लंडनांत छापून निघाला. परंतु त्याचें खरें काम घाटावर होतें.

पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं तेव्हां इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. मुळा व मुठा ह्या नद्यांच्या संगमावर त्याचा बंगला होता. मॅलेटास चित्रांची व जुन्या वस्तूंची विलक्षण आवड. १७९० सालीं टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज व पेशवे ह्यांचा तह झाला, तो घडवून आणण्यांत मॅलेटाचा हात होता. आणि तहाचा तो दरबार एका मोठ्या चित्रांत कायमचा राहावा, अशी त्याची इच्छा होती. त्यानें वेल्सास पुण्यास आणविलें. मचव्यानें खाडी ओलांडून पनवेल, तेथून बोरघाट चढून पुणें, असा त्या वेळचा मार्ग होता.

आतां चित्राची रीत थोडी सांगितली पाहिजे. आपल्याकडे वाड्यांच्या व देवळांच्या भिंतींवर चित्रें रंगविणारे चितारी पूर्वींपासून होते. त्यांच्या कामांत रेघ सुंदर, रंग तेजस्वी. पण राजा म्हटला कीं त्याचा चेहरा राजाच्या ठरीव साच्याचा, एका बाजूनें पाहिलेला. वेल्सची पद्धति दुसरी. तो ताणलेल्या कापडावर तेलांत खललेल्या रंगांनीं काम करी. ज्याचें चित्र काढावयाचें तो प्रत्यक्ष पुढें बसला पाहिजे. प्रकाश एका बाजूनें यावयाचा, म्हणजे गालाची एक बाजू उजळ व दुसरी छायेंत. त्या छायेनेंच नाक पुढें आलेलें व डोळे खोल गेलेले दिसतात. असें बसणें एकदां होऊन भागत नाहीं. राज्याचा कारभार ज्यांच्या डोक्यावर, त्यांस एका परक्या कारागिरापुढें स्तब्ध बसावयास लावणें ही सोपी गोष्ट नव्हे.

तरी तें झालें. १७९२ सालीं वेल्सनें सवाई माधवराव पेशव्यांचें तें प्रसिद्ध भव्य तैलचित्र रंगविलें. पेशवे बसलेले आहेत, शेजारीं नाना फडणवीस, आणि मागें सेवक उभे. माधवराव तेव्हां अवघे अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. एकाच्या अंगावर रत्नें व मोत्यांच्या माळा, दुसऱ्याचा पोशाख साधा. राज्य कोणाचें आणि राज्य चालवितो कोण, हें सांगावयास त्या चित्राखालीं एक अक्षरहि लिहिण्याची गरज नाहीं. तें चित्र पुढें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत गेलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत महादजी शिंदे उत्तरेंतून पुण्यास आले. त्यांचेंहि चित्र वेल्सनें काढलें. पानिपतच्या रणांतून लंगडा होऊन वांचलेला, आणि दिल्लीच्या बादशहास आपल्या आश्रयाखालीं ठेवणारा तो सरदार वेल्सपुढें बसला. ह्याशिवाय दरबारांतील कित्येक मंडळींचीं रेखाटनें त्यानें मॅलेटाच्या नियोजित मोठ्या चित्रासाठीं करून ठेविलीं.

ह्याच सुमारास समुद्रापलीकडे अमेरिकेंतहि असेंच एक काम चाललें होतें. गिल्बर्ट स्टुअर्ट नांवाच्या चित्रकारानें १७९६ सालीं तेथील पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांस समोर बसवून त्यांचें चित्र काढावयास घेतलें. डोकें पुरें झालें, बाकीचें कापड कोरें राहिलें. स्टुअर्टनें तें अपुरें चित्र मुद्दाम आपल्याजवळच ठेविलें, आणि जन्मभर त्यावरून नकला करून विकल्या. आज अमेरिकेच्या एका डॉलरच्या नोटेवर वॉशिंग्टनांचा जो चेहरा आहे, तो त्या अपुऱ्या चित्रावरूनच घेतलेला. स्टुअर्ट १८२८ पर्यंत जगला आणि त्याचें नांव तेथें मुलांसहि ठाऊक आहे. वेल्सच्या वांट्यास तें सुख आलें नाहीं.

पुण्याची हकीकत सांगतांना आणखी एका मनुष्याचें नांव घेतलें नाहीं तर आमच्याकडून अन्याय होईल. तो म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. वेल्स येण्याच्या आधींच तो मॅलेटासाठीं चित्रें काढीत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यांत एक गेंडा होता. त्याचें १७९० सालचें गंगारामाच्या हातचें चित्र अजून आहे. मॅलेटाच्या खटपटीनें व पेशव्यांच्या आश्रयानें शनवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळा निघाली. तेथें वेल्स शिकवी, आणि शिकणाऱ्यांत गंगाराम अग्रेसर होता. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय निघालें १८५७ सालीं. त्याच्या आधीं साठांहून अधिक वर्षें पुण्यांत हा प्रयोग झाला. लांबची वस्तु लहान कशी दाखवावी, खांबांची ओळ दूर जातांना कशी जुळत जाते, हें ज्ञान गंगारामानें वेल्सकडून घेतलें. त्यानें उलट काय दिलें हें कोणी फारसें सांगत नाहीं. वेरूळच्या लेण्यांचीं मापें घेणें, नकाशे व चित्रें तयार करणें, ह्या कष्टाच्या कामांत गंगाराम होता. परदेशी साहेबास डोंगरांत वाट, भाषा आणि माणसें जोडून देणारा कोणी लागतोच. अशा सोबत्याचें मोल काय, हें आमच्या खेडोपाडीं हिंडणाऱ्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

वेल्स ह्यास आतां लेण्यांचें वेड लागलें. मुंबईस डॅनियल चुलते-पुतणे आले, त्यांची व ह्याची गांठ पडली. घारापुरी, कार्लें, वेरूळ आणि साष्टी बेटांतील कान्हेरी, अशीं लेणीं त्यानें एकामागून एक रेखाटलीं. मनुष्यांचे चेहरे काढून पैसा मिळतो, दगडांचे चेहरे काढून काय मिळणार? पण त्याचें मन तिकडेच गेलें.

कान्हेरी आमच्या ठाणें, कल्याण व डोंबिवली इकडील वाचकांस परकी नाहीं. ठाणें व बोरिवली ह्यांच्या मधल्या रानांतील तो काळा डोंगर. त्यांत शंभरांवर लेणीं कोरलेलीं. मोठ्या चैत्याच्या ओसरींत दोहों बाजूंस बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ति उभ्या आहेत. त्यांच्या पायाशीं उभें राहिलें म्हणजे मान पाठीस लावावी लागते. भिंतींवर जुन्या लिपींत लेख आहेत. वेल्सच्या काळीं ते कोणासच वाचतां येत नव्हते. मॅलेट व वेल्स ह्यांच्या खटपटीनें उतरलेल्या लेण्यांतील लेखांच्या नकला बंगालच्या विद्वानांकडे गेल्या, तेव्हां काशीस विल्फर्ड नांवाच्या साहेबास एका पंडितानें खोटी गुरुकिल्ली दाखवून फसविलें, आणि ते लेख पांडवांच्या वनवासाचे म्हणून छापले गेले! खरी किल्ली सांपडली ती १८३७ सालीं, जेम्स प्रिन्सेप ह्यास. मग कळलें कीं कान्हेरीस टाकीं, ओसऱ्या व बसण्याचे ओटे देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी पुष्कळ होते. ज्या अक्षरांपुढें वेल्स कागद घेऊन बसला, त्यांत आपल्याच कल्याणचें नांव कोरलेलें होतें, आणि हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

१७९५ सालचा पावसाळा संपला आणि तो पुन्हां साष्टींत कामास लागला. पाऊस सरून थंडी पडेपर्यंतचा हा काळ आपल्याकडे तापाचा. त्यांतून कान्हेरीचें दाट रान, पाण्यानें भरलेलीं टाकीं, आणि ओलसर दगडांत दिवसच्या दिवस बसणें. डांसांपासून हिंवताप होतो हें ज्ञान रोनाल्ड रॉस ह्यांनीं १८९७ सालीं मिळविलें. तोंवर दूषित हवेस दोष देऊन लोक त्याच हवेंत झोपत.

इकडे पुण्यांत अनर्थ झाला. महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारींतच वारले होते. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनवारवाड्याच्या गच्चीवरून खालीं पडले आणि २७ तारखेस त्यांचा अंत झाला, वय एकवीस. ज्या कोंवळ्या मुखावर वेल्सनें तीन वर्षांपूर्वीं रंग चढविला होता, तें मुख आतां फक्त कापडावर राहिलें. पुढच्याच महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरांत, कान्हेरीचें काम अर्धें टाकून वेल्स ठाण्यास तापानें वारला. त्याचें वय अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानांत तो चार वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला असेल, तेवढाच.

ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं मराठ्यांपासून १७७४ सालीं घेतला होता, म्हणून गांवांत त्यांचें लष्कर असे. परंतु आज तेथें जें सेंट जेम्स चर्च आहे तें तेव्हां नव्हतें. तें वेल्सच्या मागून तीस वर्षांनीं, १८२५ सालीं, बिशप हीबर ह्यांनीं अर्पण केलें. दोघांचें नांव एक, हा निवळ योगायोग.

पुण्याची चित्रशाळाहि टिकली नाहीं. शिकविणारा गेला, आश्रय देणारा पेशवा गेला, आणि थोड्याच काळांत मॅलेटहि पुणें सोडून विलायतेस परतला. मॅलेटानें मात्र मित्राची आठवण टाकिली नाहीं. १७९९ सालीं त्यानें वेल्सची वडील मुलगी सूझॅना हिच्याशीं विवाह केला. वेल्सचे कागद वाया जाऊं नयेत म्हणून ते थॉमस डॅनियलच्या हातीं दिले. त्यांतून १८०३ सालीं वेरूळच्या लेण्यांचीं चोवीस चित्रें छापून निघालीं. तहाच्या दरबाराचें तें मोठें चित्रहि डॅनियलनेंच वेल्सच्या रेखाटनांवरून पुरें केलें. तें १८०५ सालीं लंडनांत प्रदर्शनांत लागलें. त्या दरबारांत डॅनियल नव्हता, आणि खरें म्हटलें तर वेल्सहि नव्हता, कारण तो मुंबईस उतरला त्याच्या आदल्या वर्षींच तो दरबार झाला होता. पण चेहरे खरे आहेत, कारण ते एका मनुष्यानें समोर बसून पाहिले होते. चित्र लोकांनीं पाहिलें तेव्हां मधोमध बसलेला पेशवा जाऊन दहा वर्षें व नाना जाऊन पांच वर्षें झालीं होतीं, आणि वसईच्या तहानें पेशवाई इंग्रजांच्या ओंजळीनें पाणी पिऊं लागली होती.

वेल्सच्या दैनंदिन्या आज अमेरिकेंत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत जपून ठेविलेल्या आहेत. त्याच संग्रहांत गंगाराम तांबटाचीं चित्रेंहि आहेत, आणि त्यांत पेशव्यांचा तो गेंडाहि आहे.