कोल्ह्यांना माणसाळवणारे बेल्यायेव

कोल्हा म्हणजे धूर्त, हे समीकरण माळशेजच्या वाटेवरील टोकावड्यापासून शहरातील बालवाडीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदास करून अशा प्राण्याची बुद्धी माणसाच्या पातळीवर नेता येईल काय? रशियन आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी हा प्रश्न हाती घेतला नव्हता. तरी त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्यांच्याच कार्यातून मिळतो.

बेल्यायेव यांचा जन्म १९१७चा. थोरले बंधू निकोलाय हेही आनुवंशशास्त्रज्ञ. स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तरीही दिमित्री यांनी तेच शास्त्र पत्करले. मेंडेलचा आनुवंशिकतेचा सिद्धांत नाकारणाऱ्या लायसेन्को यांचा १९४८ मध्ये सोव्हिएत विज्ञानावर पूर्ण अंमल बसला आणि बेल्यायेव यांचे विभागप्रमुखपद गेले. पुढे ते सायबेरियातील नोव्होसिबिर्स्कला गेले व १९५९ पासून तेथील संस्थेचे संचालक झाले.

त्याच वर्षी त्यांनी ल्युदमिला ट्रुत यांच्यासह रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांतून माणसाला सर्वांत कमी बुजणारे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, एवढाच नियम. काही पिढ्यांतच पिल्ले शेपूट हलवू लागली, हात चाटू लागली. पुढे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके उमटले.

बेल्यायेव १९८५ मध्ये निवर्तले. ट्रुत यांनी प्रयोग पुढे चालवला. २००५ मध्ये ब्रायन हेअर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत या वंशातील पिल्ले माणसाच्या बोटाचा इशारा कुत्र्याच्या पिल्लांइतकाच समजून घेताना आढळली. त्या गुणासाठी त्यांची निवड कधीच झाली नव्हती. भीती ओसरली आणि समज प्रकटली.

मात्र ही माणसाची बुद्धी नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट ट्रायॉन यांनी चक्रव्यूहात तरबेज उंदरांचा वंश तयार केला होता. इतर कसोट्यांत ते उंदीर सरस ठरले नाहीत. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहिलेल्या कुत्र्याचा मेंदूही त्याच आकाराच्या लांडग्याच्या मेंदूहून लहानच आहे. बुद्धी म्हणजे फरच्या रंगासारखा एकच गुण नव्हे. भाषा, दीर्घ बालपण, पिढ्यांचे संचित ज्ञान असे अनेक धागे तिच्यात गुंफलेले असतात. निवडीने त्यातला एखादा धागा बळकट होतो, संपूर्ण वस्त्र विणले जात नाही. ज्या शास्त्रापायी भावाचा जीव गेला, त्याच शास्त्राची शक्ती आणि मर्यादा बेल्यायेव यांच्या कोल्ह्यांनी जगाला दाखवली.