कवळाण्याचा मुलगा आणि बडोद्याचे कलाभवन



बारावीचा निकाल लागला की आपल्या पलसाण्यातल्या मराठी घरांत एकच विषय सुरू होतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, विद्यापीठात उद्योजकता शिकायची आहे. वर्षानुवर्षे मिलमध्ये पाळी केलेले वडील विचारतात, धंदा कुठे वर्गात शिकवतात का? त्यापेक्षा नोकरी लागेल असे काही घे. दोघांचेही म्हणणे आम्हाला पटते. म्हणूनच या वेळी आम्ही महाराजा सयाजीराव गायकवाड यांची आठवण काढत आहोत. हाच प्रश्न त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हाती घेतला होता, आणि आपला पलसाणा तेव्हा त्यांच्याच राज्याच्या नवसारी प्रांतात होता.

सयाजीरावांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, शेती करून राहणारे. 1875 साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी त्याच वर्षी गोपाळरावांना दत्तक घेतले. तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्यातली कितीतरी कुटुंबे मालेगाव, धुळे, नंदुरबारकडून नवापूर-सोनगड-व्यारामार्गे पोटासाठी इकडे आली. हा मुलगाही त्याच मुलखातून गुजरातेत आला, फक्त त्याच्या वाट्याला राज्य आले.

बडोद्यात इलियट हे इंग्रज शिक्षक त्यांना शिकवू लागले. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. तरुण राजाला पहाटेपासून अभ्यास असे. मराठी, गुजराती, इंग्रजी, हिशेब, इतिहास, घोडेस्वारी, सारे एकदम सुरू झाले. 1881 च्या अखेरीस, वयाच्या अठराव्या वर्षी, पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. उशिरा शिकल्यामुळेच असेल, पण शिक्षणाची किंमत त्यांना जितकी कळली तितकी त्या काळात थोड्याच राजांना कळली. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केले. त्यात आपला पलसाणाही आला.

मात्र नुसत्या अक्षरओळखीने पोट भरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कॉलेजात शिकलेली मुले कचेरीतल्या खुर्चीकडे डोळे लावून बसत. दुसरीकडे गिरणीच्या मालापुढे आणि परदेशातून येणाऱ्या रासायनिक रंगांपुढे जुन्या विणकर-रंगाऱ्यांचे हात थांबत चालले होते. शिकलेल्याला हाताचे काम येत नाही आणि हाताचे काम येणाऱ्याला नवे शास्त्र कळत नाही, अशी ही दुहेरी अडचण होती.

यातून वाट काढताना त्यांना सुरतेचा एक माणूस सापडला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हेही 1863 सालीच जन्मलेले, सुतारकाम करणाऱ्या समाजातले, आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. 1890 मध्ये महाराजांच्या पाठबळाने आणि गज्जरांच्या देखरेखीखाली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. तिथे चित्रकला, सुतारकाम, विणकाम, यंत्रविद्या, कापड रंगवणे आणि छापणे असे विषय होते. शिकवणे देशी भाषेत, आणि पुस्तकाइतकेच महत्त्व कारखान्यातल्या कामाला. आजवर जो हुन्नर बापाकडून मुलाकडे जात होता, तो इथे रंगाऱ्याच्या घरी न जन्मलेल्या मुलालाही शिकता येऊ लागला. आज कडोदरा-पलसाण्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आपली माणसे जे काम करतात, त्याचे शास्त्र तेव्हा तिथे वर्गात शिकवले जात होते.

कलाभवनातून बाहेर पडलेला प्रत्येक जण उद्योजक झाला नाही. अनेकांनी नोकऱ्याच धरल्या, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण पहिल्या काही वर्षांत तिथे त्र्यंबकेश्वरचा एक तरुण शिकून गेला, धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, छायाचित्रण असे बरेच त्यांनी शिकून घेतले. पुढे छापखान्याचा व्यवसाय केला, तो सोडावा लागला, आणि 1913 मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांसमोर आणला. गज्जरांनी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह 1907 साली अलेंबिक हा रसायनांचा कारखाना उभा केला.

विद्या आली, पण भांडवल नसेल तर ती कामाची नाही. बडोदे सरकारने स्वतःच्या खर्चाने कारखाने काढून पाहिले, आणि ते सगळेच चालले नाहीत. सरकारने धंदा करण्यापेक्षा धंदा करणाऱ्याला पैसा मिळवून देणे बरे, हे त्यातून उमगले असावे. 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. आपल्यापैकी अनेकांची खाती आज त्याच बँकेत आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. 1913 मध्ये महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. 1917 मध्ये ते ठरल्याप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्ती राजाने दिली, घराचे दार मात्र समाजाने उघडले नाही. शिकून आलेल्या माणसाला उभे राहू देणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे, हे इथे नीट दिसते.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. बडोद्याला विद्यापीठ व्हावे ही त्यांची इच्छा त्यांच्या पश्चात, 1949 मध्ये पूर्ण झाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनले. त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

आता पुन्हा आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ. धंदा वर्गात शिकता येतो का? कलाभवनाचा अनुभव सांगतो की वर्ग एकटा पुरत नाही. सोबत हाताने केलेले काम लागते, थोडे भांडवल लागते, आणि पहिला प्रयत्न फसला तरी दार बंद न करणारी माणसे लागतात. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की मुलांना उद्योजकता शिकायची असेल तर शिकू द्या, पण सुट्टीत त्यांना आपल्या मिलचे रंगखाते, एखादे दुकान, एखादी वर्कशॉप दाखवा. आणि मुलांनो, वडिलांच्या हातातल्या कामाला कमी लेखू नका. रंगाची कोणती गाठ पाण्यात सुटते आणि कोणती नाही, हे त्यांना जितके कळते तितके कदाचित तुमच्या प्राध्यापकांनाही कळणार नाही. त्या दोन ज्ञानांची गाठ घालून द्यावी, एवढ्यासाठीच कवळाण्याच्या त्या मुलाने कलाभवन बांधले होते.