गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (जन्म : शिकागो, २७ जुलै, १९३८; मृत्यू : लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन, ४ मार्च, २००८) हे अमेरिकन खेळरचनाकार आणि लेखक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निर्माण केला. १९७४ साली प्रकाशित झालेला हा खेळ भूमिका घेऊन खेळावयाच्या बैठ्या खेळांपैकी पहिला व्यावसायिक खेळ मानला जातो. आरंभी थट्टेचा आणि पुढे संशयाचा विषय ठरलेल्या या खेळाला कालांतराने जगभर मान्यता मिळाली. मात्र त्यावरील मालकी गायगॅक्स यांना आपल्या हयातीतच गमवावी लागली.

खेळाचे स्वरूप

सारीपाट किंवा बुद्धिबळ या खेळांत पट आणि सोंगट्या ठरलेल्या असतात व शेवटी एक पक्ष जिंकतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये तसे नसते. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक यांसारखे एक पात्र घेतो. त्या पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य इत्यादी गुण फासे टाकून ठरवतात व कागदावर नोंदवतात. एक जण सूत्रधार होतो. तो भुयार, किल्ला, अरण्य अशा स्थळांचे वर्णन करतो आणि वाटेत भेटणाऱ्या राक्षसांची व गावकऱ्यांची भूमिकाही स्वतःच करतो. आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात आणि ते साधले की फसले याचा निर्णय फाशांवर होतो. यासाठी नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर ४, ८, १२ आणि २० बाजूंचेही फासे वापरतात. या खेळात कोणी जिंकत वा हरत नाही. एकच कथा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

बालपण

गायगॅक्स यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले व्हायोलिनवादक होते. त्यांनी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदात वादन केले होते. मुलांच्या टोळ्यांतील एका मारामारीनंतर १९४६ साली वडिलांनी कुटुंब शिकागोहून लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या लहान गावी हलविले. हे गाव आईच्या माहेरचे होते. गॅरी यांचे पुढील बहुतेक आयुष्य याच गावात गेले.

वडील त्यांना जादूगारांच्या आणि राक्षसांच्या गोष्टी सांगत. त्यातून वाचनाची गोडी लागली आणि रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स यांच्या अद्भुत साहसकथा हे त्यांचे आवडते वाचन झाले. पत्ते व बुद्धिबळ ते लहानपणीच शिकले. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मित्रांसह लुटुपुटूचे खेळ खेळत व त्यांत एखाद्या मित्राला पंच नेमत. गावातील एका ओसाड आरोग्यधामाची भुयारेही त्यांनी मित्रांसह पालथी घातली होती. पुढे त्यांनी रचलेल्या खेळात पंच आणि भुयार या दोहोंना मध्यवर्ती स्थान मिळाले.

नोकरी आणि युद्धखेळ

माध्यमिक शिक्षण पूर्ण न करताच गायगॅक्स यांनी शाळा सोडली. काही काळ ते मरीन दलात होते. पण न्यूमोनियामुळे त्यांना ते सोडावे लागले. पुढे त्यांनी विमा कंपन्यांत नोकरी केली. १९५८ साली मेरी जो पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

याच सुमारास त्यांना युद्धखेळांचा छंद जडला. या खेळांची परंपरा जुनी आहे. भारतीय चतुरंगापासून विकसित झालेल्या बुद्धिबळाचा आधार घेऊन अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रदेशात युद्धपट रचले गेले आणि १८२४ नंतर प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तसे खेळ वापरण्यात आले. विसाव्या शतकात हा नागरिकांचाही छंद झाला. अमेरिकेत विखुरलेल्या अशा छंदी मंडळींना पत्रव्यवहाराने व हस्तपत्रिकांनी जोडण्याचे काम गायगॅक्स यांनी हौसेने केले. १९६७ साली त्यांच्या घरी वीसेक खेळाडूंचा मेळावा झाला. पुढील वर्षी त्यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन मेळावा भरविला. यातूनच 'जेन कॉन' हे खेळांचे वार्षिक संमेलन सुरू झाले. ते आज इंडियानापोलिस येथे भरते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची निर्मिती

१९७० साली गायगॅक्स यांची विमा कंपनीतील नोकरी गेली. संसार चालविण्यासाठी ते घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करू लागले आणि उरलेला वेळ खेळांच्या लेखनाला देऊ लागले. १९७१ साली जेफ पेरेन यांच्यासह लिहिलेली 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस जादूगार, ड्रॅगन इत्यादींविषयीची एक पुरवणी जोडलेली होती.

मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांच्याशी त्यांची ओळख १९६९ च्या जेन कॉनमध्ये झाली होती. डेव्हिड वेस्ली यांच्या 'ब्राउनश्टाइन' या प्रयोगात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकच व्यक्ती होत असे. ती कल्पना आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' या काल्पनिक प्रदेशात नेली. भुयारांतील शोध, तसेच अनुभवागणिक वाढत जाणारे पात्र या कल्पना तेथे रुजल्या. १९७२ च्या सुमारास आर्नेसन यांनी लेक जिनिव्हा येथे येऊन हा खेळ खेळवून दाखविला. गायगॅक्स यांनी त्यांच्याकडून टिपणे मागविली आणि स्वतःचा 'ग्रेहॉक' किल्ला कल्पून आपली मुले अर्नी व एलिस यांच्यासह नियमांची परीक्षा सुरू केली. नियमांना सुसंगत ग्रंथरूप देण्याचे श्रम मुख्यतः गायगॅक्स यांचे होते.

प्रस्थापित प्रकाशकाकडून नकार मिळाल्यावर ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी बालमित्र डॉन के यांच्यासह २,४०० डॉलरच्या भांडवलावर 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही संस्था काढली. ती पुढे टीएसआर या नावाने ओळखली गेली. ब्रायन ब्लूम यांनी आणखी २,००० डॉलर घातले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचाच्या १,००० प्रती निघाल्या. घरीच जुळविलेली ही खोकी १० डॉलरना विकली जात. वर्ष सरण्यापूर्वी ती संपली.

श्रेयाचा वाद

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी खेळाची विस्तृत आवृत्ती तीन ग्रंथांत लिहिली. हा निराळा खेळ आहे, या भूमिकेमुळे आर्नेसन यांचे नाव व मानधन वगळले गेले. आर्नेसन यांनी १९७९ साली दावा दाखल केला; तो १९८१ मध्ये आपसात मिटला आणि दोघेही मूळ खेळाचे सहनिर्माते म्हणून मान्य झाले. मूळ कल्पनेचे श्रेय अधिक की तिला नियमबद्ध करून लोकांपर्यंत पोहोचविणाऱ्याचे, याविषयी खेळाडूंत अजूनही मतभेद आहेत.

विरोध

१९७९ साली मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला. तो या खेळाच्या नादात विद्यापीठाच्या भुयारांत हरवला, असा तर्क वृत्तपत्रांत गाजला. तो तर्क खोटा ठरला, पण संशय उरला. १९८२ साली व्हर्जिनियात एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. त्याच्या आईने खेळाला दोष देऊन त्याविरुद्ध चळवळ उभारली. काही धार्मिक गटांनी खेळात सैतानपूजा असल्याचा आरोप केला. स्वतः ख्रिस्ती असलेल्या गायगॅक्स यांनी १९८५ साली दूरचित्रवाणीवर येऊन या आरोपांचे खंडन केले. खेळ आणि आत्महत्या यांत कार्यकारणसंबंध असल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले नाही.

कंपनीतून गच्छंती

डॉन के यांचे जानेवारी १९७५ मध्ये अकाली निधन झाले. त्यानंतर भागभांडवलाचे पारडे ब्लूम कुटुंबाकडे झुकले. १९८३ च्या सुमारास गायगॅक्स हॉलिवूडमध्ये खेळावर आधारित व्यंगपट मालिकेच्या कामात होते. मागे कंपनी कर्जात बुडाली. परत येऊन त्यांनी सूत्रे हाती घेतली, परंतु ब्लूम बंधूंनी आपले भाग लोरेन विल्यम्स यांना विकले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये गायगॅक्स यांचे अध्यक्षपद गेले. न्यायालयातही त्यांना यश आले नाही. १९८६ अखेर त्यांनी कंपनी सोडली. त्यांच्या 'डेंजरस जर्नीज' (१९९२) या नव्या खेळावर त्यांच्याच जुन्या कंपनीने दावा लावला.

उत्तरायुष्य

१९८७ साली गायगॅक्स यांनी गेल कार्पेंटर यांच्याशी दुसरा विवाह केला. १९९७ मध्ये टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने विकत घेतली, तेव्हा जुना दुरावा संपला. २००४ साली त्यांना पक्षाघाताचे झटके आले. त्यानंतरही घरी येणाऱ्या खेळाडूंसाठी ते सूत्रधार होऊन बसत. ४ मार्च, २००८ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. आर्नेसन यांचे निधन एप्रिल २००९ मध्ये झाले.

प्रतिमा आणि वारसा

१९७० व १९८० च्या दशकांत हा खेळ म्हणजे मैदानावर न रमणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या पुस्तकी मुलांचा नाद समजला जाई. अमेरिकन शाळांत अशा मुलांना 'नर्ड' म्हणून हिणवत. त्यांना मात्र या मेजाभोवती सवंगडी मिळाले. तीच पिढी मोठी होऊन लेखन, चित्रपट व संगणक या क्षेत्रांत शिरल्यावर तिचे स्मरणरंजन सार्वजनिक झाले. १९८० च्या दशकात घडणारी 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) ही मालिका तळघरात हा खेळ खेळणाऱ्या चार मुलांपासून सुरू होते. पात्राची पातळी, अनुभवगुण, प्राणगुण या संकल्पना संगणकीय खेळांतही रूढ झाल्या. त्यामुळे हा खेळ कधीही न पाहिलेली भारतीय मुलेही मोबाइलवर त्याचेच नियम पाळत असतात. लेक जिनिव्हा येथे २००९ पासून गायगॅक्स यांच्या स्मरणार्थ 'गॅरी कॉन' हा मेळावा भरतो.

निवडक साहित्य

चेनमेल (१९७१, जेफ पेरेन यांच्यासह)
डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४, डेव्ह आर्नेसन यांच्यासह)
मॉन्स्टर मॅन्युअल (१९७७)
प्लेयर्स हँडबुक (१९७८)
डंजन मास्टर्स गाइड (१९७९)
सागा ऑफ ओल्ड सिटी (कादंबरी, १९८५)
डेंजरस जर्नीज (१९९२)
लेजेंडरी ॲडव्हेंचर (१९९९)