फ्रँकलिनची शेगडी

बेंजामिन फ्रँकलिन म्हटले की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. त्याच्या लोखंडी शेगडीची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

फ्रँकलिनचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे, मेणबत्त्या व साबण बनविणाऱ्याच्या घरी झाला. भावंडे सतरा, त्यामुळे शाळा जेमतेम दोन वर्षे. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात लागला, सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला आणि तेथे स्वतःचा छापखाना काढून नावारूपास आला.

तिकडची थंडी कडक. घराच्या भिंतीत विटांची शेकोटी आणि तिच्यावर धुराडे असे. लाकडे ढीगभर जळत, पण बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाई. शिवाय वर जाणारी हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आत ओढी. माणूस पुढून भाजे, पाठीमागून गारठे. जवळपासची जंगले तुटल्याने लाकूडही दुरून आणावे लागे.

फ्रँकलिनने त्या काळचे शेकोट्यांचे सगळे प्रकार तपासले. डच धर्तीची बंद शेगडी खोली छान तापवी, पण तिच्यात जाळ दिसत नसे आणि खोलीतील हवाही फारशी पालटत नसे. त्याला ऊब, जाळ आणि ताजी हवा तिन्ही हवी होती. म्हणून त्याने जुन्या शेकोटीतच बसेल अशी, समोरून उघडी लोखंडी पेटी तयार केली. तिच्या मागे पोकळ कप्पा होता. धूर कप्प्यावरून जाऊन मागे खाली उतरे व मग धुराड्यात शिरे. कप्प्यात बाहेरची हवा तापून खोलीत येई. १७४४ साली त्याने तिची माहिती-पुस्तिका छापली. गव्हर्नरने पेटंट देऊ केले, ते त्याने नाकारले. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपला शोधही सर्वांना मोकळा असावा, असे त्याचे मत होते. लंडनच्या एका व्यापाऱ्याने किरकोळ फेरफार करून पेटंट मिळविले, तरी हा भांडायला गेला नाही.

खरे सांगायचे तर शेगडीत दोष होता. गरम धूर वर जाऊ पाहतो, त्याला आधी खाली उतरविणे अवघड. धुराडे गार असले की तो खोलीत पसरे. पुढच्या कारागिरांनी ती खालची वाट काढून टाकली. नाव मात्र फ्रँकलिनचेच राहिले. आजही थंड देशांत शेकोटीत बसवायची शेगडी निवडताना धुराड्याची ओढ आधी पाहतात.

१७७६ साली त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, पुढे फ्रान्समध्ये वकील म्हणून राहिला. १७८५ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, जहाजातून मायदेशी परतताना त्याने एक लांबलचक पत्र लिहिले. विषय होता, धुराडी धूर का कोंडतात.