माळ्यावरचा आर्मस्ट्राँग

मित्रांनो, आर्मस्ट्राँग म्हटलं की आपल्याला चंद्रावर उतरलेला नील आठवतो. पण एक ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळलेली कॉइल, ट्रिमर आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्या सामानावर ज्यांनी कधी एफएम ट्रान्समीटरचं किट जोडलंय, त्यांनी दुसऱ्याच एका आर्मस्ट्राँगला नमस्कार करायला हवा. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग!

जन्म १८ डिसेंबर १८९०, न्यूयॉर्क. लहानपणी मोठं आजारपण आलं. पोराची तब्येत सुधारावी म्हणून घरचे हडसन नदीकाठी याँकर्सला राहायला गेले. तिथल्या घराच्या माळ्यावर एडविनने आपली लॅब थाटली. कॉलेजात गेल्यावर तर पठ्ठ्याने अंगणात १२५ फुटी अँटेनाचा खांब उभा केला.

तेव्हा ट्रान्झिस्टर कुठला? ली डी फॉरेस्टची ऑडिऑन ट्यूब होती, पण ती नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्टलाही धड सांगता येत नव्हतं. कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या आर्मस्ट्राँगने १९१२ मध्ये ट्यूबचं आउटपुट थोडं थोडं परत इनपुटला दिलं. पुसटसे सिग्नल खणखणीत ऐकू यायला लागले! फीडबॅक आणखी वाढवला तर सर्किट स्वतःच ऑसिलेट होतं, म्हणजे रिसीव्हरचा ट्रान्समीटर होतो. आपल्या किटमधला ऑसिलेटर याच तत्त्वावर चालतो.

पेटंटसाठी वडिलांकडे पैसे मागितले. आधी डिग्री घे, मग बघू, असं उत्तर मिळालं (घरोघरी मातीच्या चुली!). शेवटी ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने सर्किटची आकृती नोटरी करून ठेवली. पेटंटचा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला. पुढे डी फॉरेस्टने हा शोध आपलाच, आणि तोही आधीचा, असा दावा लावला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात आर्मस्ट्राँग हरला. याच शोधासाठी रेडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेने दिलेलं मेडल तो परत करायला गेला, तर संस्थेने ते घ्यायलाच नकार दिला. कोर्ट काहीही म्हणो, इंजिनिअर्सना खरं काय ते माहीत होतं.

मधल्या काळात, १९१८ मध्ये, महायुद्धासाठी पॅरिसला असताना त्याने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर काढला, ज्याचा ब्लॉक डायग्राम आपण परीक्षेत अजून काढतो. मग वळला तो खरखरीकडे. विजा आणि मोटारींचा डिस्टर्बन्स मुख्यतः अँप्लिट्यूडमध्ये घुसतो, तर आवाज फ्रिक्वेन्सीत बसवायचा, तोही रुंद बँड वापरून. गणिताने यात फायदा नाही असं सांगितलं होतं. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. ट्रान्समीटर होता याँकर्सला, रन्यन नावाच्या हॅम मित्राच्या घरी! ग्लासात पाणी ओतल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाजसुद्धा सभागृहात स्वच्छ ऐकू आला.

पण १९४५ मध्ये सरकारने एफएमचा बँड वर सरकवला आणि लोकांचे जुने सेट निकामी झाले. पेटंटवरून १९४८ मध्ये त्याने आरसीए या बड्या कंपनीवर दावा लावला. पाच वर्षं नुसत्या तारखा पडत गेल्या. पैसा संपत आला, संसारात कटुता आली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आकृती नोटरी केली त्याला त्या दिवशी बरोब्बर ४१ वर्षं झाली होती.

पत्नी मॅरिअन खचली नाही. आरसीएशी त्याच वर्षी तडजोड झाली, बाकीचे दावे तिने नेटाने लढवले आणि शेवटचा १९६७ मध्ये जिंकला. ते बघायला तो मात्र नव्हता.

दोस्तांनो, सर्किट चाललं की त्याच रात्री वहीत तारीख घालून आकृती काढा, सही करा. आणि भांडण कितीही खरं असलं तरी एकट्याने कुढू नका, रूमचं दार वाजवायला मित्र असतात. उद्या किटमधून पहिली शिट्टी ऐकू आली, की माळ्यावरच्या त्या पोराची आठवण नक्की काढा.