दादासाहेब मावळंकर : कोकणचे मूळ, अहमदाबादची वकिली, दिल्लीचे आसन

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी माणसांची आठवण निघाली की आपण इंदूरकर साहजिकच होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्यापासून सुरुवात करतो. पण राजघराण्याचा कोणताही आधार नसताना परप्रांतात केवळ आपल्या कामाने मोठ्या पदाला पोहोचलेली माणसेही आपल्यात होऊन गेली. गणेश वासुदेव मावळंकर हे त्यातले ठळक नाव. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे ते पहिले अध्यक्ष. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत.

हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर भागातील मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. सुरुवातीचे शिक्षण राजापूर व इतर ठिकाणी झाले आणि १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादला आले. तेच शेवटपर्यंत त्यांचे गाव झाले. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून ते बी. ए. झाले, १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली.

वकिली चांगली चालू लागली, पण तिच्या बरोबरीने सार्वजनिक कामही सुरू झाले. त्याच वर्षी ते गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद सचिव झाले आणि १९१६ मध्ये गुजरात सभेचे. सरदार पटेल त्या वेळी अहमदाबादेतच वकिली करत होते, आणि गांधीजींनीही नुकताच तिथे मुक्काम केला होता. १९१८ च्या खेडा सत्याग्रहापासून मावळंकर या दोघांच्या कामात ओढले गेले ते कायमचे. मधल्या काळात काही दिवस ते स्वराज्य पक्षात होते. पण १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते पुन्हा गांधीजींच्या मागे उभे राहिले. चालती वकिली हळूहळू सुटली. वेगवेगळ्या वेळी मिळून सुमारे सहा वर्षे तुरुंगात गेली. तिथे भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांशी ते बोलत बसत, त्यांच्या कहाण्या ऐकत. त्यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले आणि ते गुजरातीत लिहिले. ज्यांच्यात राहतो त्यांची भाषा इतकी आपलीशी करणे, हे परप्रांतात राहणाऱ्या आपणा सर्वांना नीट समजेल.

अहमदाबाद नगरपालिकेत ते १९१९ ते १९३७ सभासद होते आणि दोन वेळा अध्यक्ष झाले. माझ्या मते त्यांची खरी तालीम इथेच झाली. पाणी, गटारे, शाळा, कर अशा विषयांवरच्या सभा चालवणे सोपे नसते. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले व तिचे अध्यक्ष झाले. इथून पुढे त्यांचे सारे आयुष्य अध्यक्षाच्या आसनावरच गेले.

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. इंग्रज सरकारचे नेमलेले सभासद अजून मत देत होते. समोर सर कावसजी जहांगीर उभे होते. मावळंकरांना ६६ मते पडली आणि कावसजींना ६३. अवघ्या तीन मतांचा फरक! १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळ संपले आणि त्याबरोबर हे पदही. पुढे घटना समितीच कायदे करणार असे ठरले आणि १७ नोव्हेंबर १९४७ रोजी तिच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून पुन्हा मावळंकरांचीच निवड झाली.

१५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडला. मावळंकरांना ३९४ मते मिळाली आणि विरोधी उमेदवाराला ५५. गंमत म्हणजे हे विरोधी उमेदवारही मराठीच होते : शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे.

आज सभागृहाच्या कामाच्या ज्या रीती आपण गृहीत धरतो, त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या काळात बसल्या. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती १९५० मध्ये आली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली का, हे पाहणारी समितीही त्यांनीच नेमली. आयुष्यभर बँकेत ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरे देत बसलेल्या माझ्यासारख्याला या दुसऱ्या समितीचे विशेष कौतुक वाटते. तोंडी आश्वासन देणे सोपे असते, त्याची नोंद ठेवून मागे लागणारा कोणीतरी असावा लागतो.

वटहुकुमांच्या बाबतीत तर त्यांनी थेट पंडित नेहरूंनाच पत्रे लिहिली, १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये. अगदी तातडीची गरज असेल तरच वटहुकूम काढावा, एरवी सभागृहाला वळसा घालू नये, असे त्यांचे सांगणे होते. पक्ष त्यांचाच, पंतप्रधान त्यांच्याच पक्षाचे, आणि बहुमत प्रचंड. अशा वेळी हे लिहिणे सोपे नव्हते.

त्यांच्यावर टीका झालीच नाही असे मात्र नाही. अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले नाही, हे अनेकांना खटकत असे. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. अध्यक्षाविरुद्ध आलेला हा पहिलाच ठराव. नेहरूंनी आपल्या सभासदांना पक्षाचे बंधन न मानता मत देण्यास सांगितले, आणि ठराव फेटाळला गेला. विरोधकांचा आक्षेप मला अगदीच निराधार वाटत नाही. पण वटहुकुमांची ती पत्रेही त्याच माणसाने लिहिली होती, हे विसरता येत नाही.

इंदूरशीही त्यांचा एक धागा आहे. आपल्या खंडवा रोडवरच्या कस्तुरबाग्रामात ज्या कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचे मुख्यालय आहे, त्याची धुरा सरदार पटेलांच्या निधनानंतर मावळंकरांनी सांभाळली. तिथून जाता-येता किती जणांना हे नाव आठवत असेल कोण जाणे.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादला त्यांचे निधन झाले. ते अखेरपर्यंत अध्यक्षपदावर होते. त्यांच्या रिकाम्या जागेवर पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुढे १९७२ मध्ये मुलगा पुरुषोत्तम अहमदाबादहून अपक्ष म्हणून लोकसभेत गेला आणि आणीबाणी आली तेव्हा त्याच सभागृहात उभा राहून तिच्याविरुद्ध बोलला.